झेंड्यामागून चालणाऱ्यांची बाजू

“झेंड्यामागून चालत जपान बघणं म्हणजे जपान न बघणं.”

मागच्या महिन्यात सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेत वक्त्यांनी हे वाक्य उच्चारलं आणि सभागृह हसलं. वक्ते तरुण आणि अभ्यासू. जपानला चार वेळा एकटे जाऊन आलेले, तिथली भाषा कामापुरती शिकलेले. क्योटोतल्या पहाटेचं आणि एका म्हाताऱ्या कुंभाराच्या घरी काढलेल्या दोन दिवसांचं त्यांनी केलेलं वर्णन मला मनापासून आवडलं. पण मग गाडी ग्रुप टूरवर घसरली. ‘कळप’, ‘वरात’, ‘टोकियोत जाऊन वरणभात मागणारे’ असे शब्द आले. दर शब्दाला हशा आला.

माझ्या शेजारी बसलेल्या बाई एप्रिलमध्ये माझ्याच बसमधून जपानभर फिरल्या होत्या. वय एकसष्ट. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. जन्मात पहिला पासपोर्ट काढला तो या सहलीसाठी. व्याख्यान सुरू होण्याआधी त्या पुढच्या रांगेतल्या मैत्रिणीला मोबाईलवर फुजीचा फोटो दाखवत होत्या, तो पर्वत दोन दिवस ढगात होता आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कसा एकदम समोर आला ते सांगत होत्या. हशा झाला तेव्हा त्यांनी मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढून घेतली. व्याख्यान संपेपर्यंत त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही, म्हणून हे लिहिते आहे. वक्त्यांचं नाव घेत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नाही. हे मत आता शिकल्यासवरल्या घरांतून सर्रास ऐकू येतं. एकट्याने पाठीवर पिशवी टाकून जाईल तो प्रवासी, आणि कंपनीबरोबर जाईल तो नुसता गिऱ्हाईक. हे मत चुकीचं आहे, आणि ते माणसांना दुखावतं. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. इतिहासाच्याच आधाराने बोलते.

आधी गटात कोण असतं ते पाहू. आमच्या बसमध्ये बत्तीस जण होते, त्यातले नऊ सोलापूरचे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईला उतरलेले. त्यात एस.टी.तून निवृत्त झालेले काका-काकू होते, पूर्व भागातला एक विणकर आणि त्याची बायको होती, दोन विधवा बहिणी होत्या, बँकेत शिपाई म्हणून लागून हेडक्लार्क होऊन बाहेर पडलेले एक गृहस्थ होते. विणकराच्या घरात तेलुगू, बाजारात मराठी, बायकोच्या माहेरी कन्नड. तीन भाषा येणारा हा माणूस इंग्रजीत फॉर्म भरताना अडतो. एकट्याने जाणाऱ्याला जे स्वातंत्र्य म्हणून मिरवता येतं, ते कशाकशाचं बनलेलं असतं याची यादी कुणी करत नाही. इंग्रजी यावं लागतं. व्हिसाचे कागद जुळवता यावे लागतात. रात्री अकराला अनोळखी स्टेशनात उतरलं तर भीती वाटू नये असं शरीर लागतं, आणि बऱ्याचदा ते पुरुषाचं असावं लागतं. गुडघे धड लागतात. यातलं एक जरी नसेल तरी दार बंद. मग त्या माणसाने जपान बघायचंच नाही का? या प्रश्नाला वक्त्यांनी हात लावला नाही.

हे दार गटसहलींनी उघडलं. केसरी पाटील यांनी 1984 साली ‘केसरी टूर्स’ सुरू केली. 2013 साली ‘वीणा वर्ल्ड’ आली. फक्त बायकांसाठी वेगळ्या सहली निघाल्या आणि भरून जाऊ लागल्या. या कंपन्या धंदा करतात, धर्मादाय करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण ज्या बाईला आयुष्यभर “कुणाबरोबर जाणार?” हा एकच प्रश्न विचारला गेला, तिला या सहलींमुळे पहिल्यांदा उत्तर मिळालं. बरोबर चाळीस जणी आहेत, म्हणून जाणार. घरातले गप्प बसले. एकट्याने जाण्याचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनी अशा किती जणींचा पासपोर्ट निघायला मदत केली, ते त्यांनी सांगावं.

आता झेंडा. सोलापूर जिल्ह्यात उभं राहून झेंड्यामागून चालणाऱ्यांना हसावं, याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात आहे. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या याच जिल्ह्यातून पंढरीत जातात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी तर थेट सोलापूर शहरातून जाते. त्या पालख्यांबरोबर चालणारे लाखो लोक काय करतात? पताकेमागून चालतात. दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची किती नि रथामागची किती हे ठरलेलं असतं, कुणी कुठे चालायचं, मुक्काम कुठे, जेवण कुणाच्या हातचं, सगळं बांधलेलं असतं. दिंडीत जेवणासाठी जी वर्गणी भरतात तिला भिशी म्हणतात. सामानाचा ट्रक पुढे जातो, आचारी आधी पोहोचून चूल पेटवतो, म्हातारी माणसं मागून येऊन ताटावर बसतात. हा ग्रुप टूरचा आराखडा नाही तर काय आहे? आणि आजवर कुणी म्हटलंय का, की दिंडीबरोबर चाललेल्या बाईला पंढरपूर दिसलंच नाही?

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेले मानकरी ते पेलतात आणि शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते. वाट ठरलेली, क्रम ठरलेला, मान ठरलेला. हजारो माणसं त्या काठ्यांच्या टोकाकडे बघत चालतात. त्या प्रदक्षिणेत कुणी स्वतःच्या मनाने वेगळी वाट धरत नाही. म्हणून काय तिचं मोल कमी होतं?

यावर वक्ते म्हणतील की ती भक्ती, ही मौज. ठीक आहे. मग जपानचंच उदाहरण घेऊ. मला वाटतं, जपान इतकं जवळून पाहिलेल्या माणसाच्या नजरेतून ही गोष्ट निसटायला नको होती.

इडो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या अडीचशे वर्षांत, सामान्य जपानी शेतकऱ्याला आपला गाव सोडून मनात येईल तिकडे जाता येत नसे. नाक्यांवर परवाने तपासले जात. परवाना मिळायला सर्वांत सोपं कारण तीर्थयात्रा, आणि सर्वांत मोठी यात्रा इसेच्या देवस्थानाची. एकट्या गरीब माणसाला तिचा खर्च झेपत नसे. म्हणून गावोगाव ‘को’ नावाची मंडळं असत. सगळे थोडे थोडे पैसे टाकत, चिठ्ठ्या काढत, ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघेल ते सगळ्या गावाच्या वतीने इसेला जात, आणि परत येताना प्रत्येकासाठी देवाचा प्रसाद-ताईत आणत. ही आपली भिशीच! इसेला ‘ओशी’ म्हणवणारे पुजारी असत. ते वर्षातून एकदा आपल्या यजमानांच्या गावी फिरत, पंचांग आणि ताईत वाटत, यात्रेकरू आले की त्यांना आपल्या घरी उतरवून घेत, खाऊपिऊ घालत, देवळात नेत. पंढरपूर-काशीचे वह्या घेऊन बसणारे क्षेत्रोपाध्ये आठवा, म्हणजे ओशी समजेल. वाटाड्या, मुक्काम आणि जेवण एकाच माणसाच्या हाती. आजच्या टूर लीडरचा हा पणजोबा.

पुढे रेल्वे आली. 1905 साली बिवा सरोवराजवळच्या कुसात्सु या गावी मिनामी शिन्सुके नावाच्या माणसाने कोयासानला आणि इसेला गटागटाने यात्रेकरू न्यायला सुरुवात केली. जपानच्या पहिल्या प्रवासी कंपनीचा उगम तिथला. 1964 साली जपानी नागरिकांना हौसेखातर परदेशी जायची मोकळीक मिळाली आणि पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सच्या गटसहली निघाल्या. गळ्यात कॅमेरा, पुढे छोटा झेंडा, मागे तीस-चाळीस माणसं. पॅरिस-रोममध्ये लोक त्यांना हसले. एवढंच नाही, तर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आपल्या सभासदांना परदेशी नेऊ लागल्या तेव्हा टोकियोतले शहरी जपानीही आपल्याच शेतकऱ्यांना हसले. भात पिकवणारी, कधी जिल्ह्याबाहेर न गेलेली माणसं रोमच्या चौकात उभी होती आणि शिकलेल्यांना त्याची लाज वाटत होती. साखर कारखान्याच्या सभासदांच्या अभ्यास सहलीला हसणारे आपल्याकडे कमी आहेत का? हा हशा जुना आहे. वक्त्यांनी तो नव्याने उसना घेतला, इतकंच.

आता मुख्य आरोप. गटाला काही दिसत नाही, असं ते म्हणाले.

आम्हाला क्योटोच्या निशिजिन भागात किमोनोचा कार्यक्रम दाखवायला नेलं. निशिजिन म्हणजे पश्चिमेची छावणी. पंधराव्या शतकातल्या ओनिन युद्धात एका बाजूच्या सैन्याचा तळ तिथे होता, युद्धानंतर विणकर त्या जागी परतले आणि नाव तेच राहिलं. आमच्या वेळापत्रकात या जागेला चाळीस मिनिटं होती. किमोनो घातलेल्या मुली चालून गेल्या, सगळ्यांनी फोटो काढले. आमचा विणकर मात्र खुर्चीवर नव्हता. तो बाजूच्या दालनात एका मागापुढे उभा होता.

मागावर एक वयस्क कारागीर बसले होते. त्यांच्या हाताच्या नखांना करवतीसारखे दाते कोरलेले होते. त्या दात्यांनी ते एकेक रंगीत धागा ओढून जागेवर बसवत होते. नखाने विणायची ही निशिजिनची जुनी पद्धत. आमचा विणकर आधी नुसता बघत राहिला. मग त्याची नजर पलीकडच्या मागावर गेली. त्याच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ होती. त्याने तिकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “जकार्ड.” कारागिरांनी मान वर केली. ते म्हणाले, “जकादो.” एवढा एकच शब्द दोघांना सारखा होता. पण पुढची पंधरा मिनिटं ते बोलत राहिले, एक तेलुगू-मराठीत आणि एक जपानीत. हातांनी, ताण्यावर बोटं ठेवून, धोटा इकडून तिकडे नेऊन. शेवटी त्या म्हाताऱ्यांनी धोटा याच्या हातात दिला. याने तो तळहातावर तोलला, लाकडावरून अंगठा फिरवला आणि दोन्ही हातांनी परत दिला. टूर लीडरने बस थांबवून ठेवली होती.

बसमध्ये आल्यावर आम्ही त्याच्या हातात माईक दिला. तो मराठीत बोलला, लाजत लाजत. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे सुई आत जाते, नसेल तिथे अडते, त्यावरून ताण्याचा कुठला धागा उचलायचा हे ठरतं, एका नक्षीला असे शेकडो पुठ्ठे लागतात, आणि सोलापुरी चादरीवरचा मोर याच पद्धतीने उतरतो. “आपला माग आणि त्यांचा माग सख्खे चुलतभाऊ आहेत,” असं तो म्हणाला. सोलापुरात जन्म काढून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या घरी बारा चादरी आहेत. त्या कशा होतात ते मला क्योटोत कळलं, कारण गटात एक विणकर होता.

नंतर मी वाचलं की 1872 साली क्योटोच्या प्रांतिक सरकारने निशिजिनमधले तीन जण फ्रान्समधल्या लिओंला पाठवले होते, तिथला जकार्ड शिकायला. राजधानी टोकियोला गेली होती, क्योटोची गिऱ्हाइकं तुटली होती, माग बंद पडत होते. तिघं गेले, शिकले, आणि माग घेऊन परतताना तिघांतला एक जहाज फुटून वाटेतच गेला. तेही गटानेच गेले होते. भाषा न येणाऱ्या देशात, पोटासाठी.

एकट्या प्रवाशाजवळ त्याचे दोन डोळे असतात. त्याला कुंभार भेटला, कारण त्याला कुंभारकामात रस होता. आम्हाला विणकराची नजर लाभली, ती आमची नव्हती. बत्तीस माणसांत बत्तीस धंदे, बत्तीस घरं असतात. कुणी बागेतल्या पाइनच्या फांद्यांना दिलेले टेकू बघून तासभर बोलतो, कुणी स्टेशनची घाण कुठे जाते ते विचारतो. या माणसांना कळप म्हणणाऱ्याने त्यांच्याशी बसमध्ये एक तास बोलून बघावं.

सुवर्णमंदिराचंच बघा, ते किंकाकुजी. 1950 साली तिथल्याच एका तरुण भिक्षूने ते जाळलं, 1955 साली पुन्हा उभं राहिलं. आत जायचा रस्ता एकेरी आहे. एका दारातून आत, तळ्याकाठून वळसा, दुसऱ्या दारातून बाहेर. एकटा जाणाराही त्याच रस्त्याने, त्याच गर्दीत, त्याच वेगाने जातो. फरक एवढाच की आमच्यातल्या शेवटच्या आजींनाही ती आगीची गोष्ट मराठीतून ऐकायला मिळाली.

आणि हिरोशिमा. याविषयी मला सविस्तर लिहायचं आहे.

संग्रहालयात मुलाची तीनचाकी सायकल आहे, गंजलेली. सव्वाआठला थांबलेली घड्याळं आहेत. एका काचेमागे एक जेवणाचा डबा आहे, चेपलेला, आत अन्नाचा कोळसा झालेला. तो तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाचा. त्याच्या आईला तो त्याच्या देहापाशी सापडला. 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी तिनेच भरून दिलेला. त्या काचेपुढे आमच्यातल्या दोघी बहिणी किती वेळ उभ्या होत्या ते मी मोजलं नाही. जन्मभर त्यांनी डबे भरले आहेत. झाकण कुठून दाबलं की नीट बसतं हे त्यांच्या बोटांना माहीत आहे.

परतीच्या गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एस.टी.तले काका म्हणाले, “एक सांगू का, मला आज आपले कोटणीस आठवले.” भैय्या चौकातलं स्मारक सोलापूरकरांना सांगायला नको. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले, 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करता करता 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. वय बत्तीस. काका म्हणाले, “ज्यांच्या गोळ्या आपल्या माणसाने चिन्यांच्या अंगातून काढल्या, त्यांच्याच गावात आज आपण डोळे पुसतोय. हे मला जुळवता येईना.”

बहिणींतली धाकटी म्हणाली, “डबा पोराचा होता काका, फौजेचा नव्हता.”

काका म्हणाले, “चीनमध्येही पोरंच होती की.”

“मग दोघांसाठी रडायचं,” ती म्हणाली.

यावर वाद झाला. हेडक्लार्क म्हणाले, संग्रहालयाने जपानने चीनमध्ये काय केलं तेही ठळक सांगायला हवं. कुणी म्हणालं, मेलेल्यांच्या दारात हिशेब मागू नये. ओसाका येईपर्यंत बोलणं चाललं होतं. मी वर्गात दुसरं महायुद्ध तीस वेळा शिकवलं असेल. कोटणीस आणि हिरोशिमा यांना मी कधी एका तासात आणलं नव्हतं. ते त्या गाडीत घडलं, सोलापूरची माणसं एकत्र होती म्हणून घडलं. एकटी गेले असते तर मी डायरीत चार ओळी लिहून झोपले असते. झेंड्यामागून चालणाऱ्यांना विचार करता येत नाही म्हणणाऱ्यांनी या संवादाचं काय करायचं ते ठरवावं.

जेवणाची टिंगल मला फार हलकी वाटली. जपानी स्वयंपाकात जवळजवळ प्रत्येक रश्श्याच्या मुळाशी ‘दाशी’ असते, आणि ती बहुधा सुक्या माशाची. नूडल्सवर भाज्या दिसल्या तरी खालचा रस्सा माशाचा. जन्मभर माळकरी असलेल्या बाईने, लिंगायत घरातल्या आजोबांनी तिथे काय खावं? सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली, तर ती सोय आहे. महिना महिना टिकणारी ज्वारीची भाकरी ही सोलापूरच्या माणसाने प्रवासासाठी काढलेली युक्ती आहे, तिची लाज कसली? जपानी माणसंही परदेशी जाताना खारवलेली उमेबोशी बरोबर नेतात. पोट शांत असलं की डोळे उघडे राहतात. आणि आमच्यातल्या कित्येकांनी मोची खाल्ली, माच्चा प्यायला, तोंड वाकडं केलं, पुन्हा प्यायला.

उलट बाजूलाही तथ्य आहे, ते लपवणार नाही. आमची सहल फार पळाली. नऊ दिवसांत टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका. दोन ठिकाणी दुकानात तासभर घालवला, जो देवळात हवा होता. आणि नाऱ्याला जे झालं त्याचा मला खरा राग आहे. तोदाइजीतल्या पंधरा मीटर उंच बुद्धापुढे आम्हाला वीस मिनिटं मिळाली. वाटाड्याने उंची सांगितली, वजन सांगितलं, हरणांना बिस्किटं कुठे मिळतात ते सांगितलं. पण 752 साली या मूर्तीचे डोळे ज्याने रेखले तो बोधिसेन भारतातून गेलेला भिक्षू होता, हे भारतीय गटाला सांगितलं नाही! त्या दिवशी कुंचल्याला लांबच लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हातात धरले होते, म्हणजे डोळा उघडण्याचं पुण्य सगळ्यांच्या वाट्याला यावं. त्यातला निळीत रंगवलेला रेशमी दोर अजून नाऱ्याच्या शोसोइन भांडारात जपून ठेवला आहे. हे आम्हाला त्या जागी उभं राहून ऐकायला मिळालं असतं तर ती वीस मिनिटंही पुरली असती. मी ते घरी येऊन वाचलं.

हा दोष आहे. पण तो गटाचा नाही, गट नेणाऱ्याच्या तयारीचा आहे. दिंडीत वाईट कीर्तनकार लाभला म्हणून कुणी वारी बंद करा म्हणत नाही, चांगला कीर्तनकार आणा म्हणतात. कंपन्यांनी वाटाड्याला शिकवावं, अभ्यास करून घ्यावा, दुकानांचे थांबे कमी करावेत. सोलापूर-इचलकरंजीच्या माणसांना नेणार असाल तर नागोयातलं टोयोटाचं उद्योग संग्रहालय दाखवा. गाड्यांच्या आधी ते घराणं मागांचं होतं. साकिची तोयोदांचा आपोआप धोटा बदलणारा माग 1924 सालचा, आणि त्याचे हक्क पुढे इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. आमचा विणकर तिथे दिवसभर राहिला असता. आंबेडकरी मंडळींना नेणार असाल तर कोयासानला न्या. तिथल्या विद्यापीठात 2015 पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे. हे मागायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे आणि आपण तो बजावत नाही, ही आपली चूक.

गटात राहून मोकळीक मिळत नाही, हेही खरं नाही. असाकुसाला आम्हाला दोन तास मोकळे होते. मोठ्या लाल कंदिलाखालून सगळे सेन्सोजीत गेले. मी आणि दोघी बहिणी दर्शन घेऊन पुढे दहा-बारा मिनिटं चालत मात्सुचियामाच्या टेकडीवर गेलो. तिथला देव ‘शोदेन’, म्हणजे आपला गणपती, जपानच्या वाटेने गेलेला. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. नैवेद्य मुळ्याचा. तिथेच पांढरे जाड मुळे विकत मिळतात. आम्ही एक घेतला आणि देवापुढे ठेवला. धाकटी म्हणाली, “मोदक नाही मिळाला याला इथे,” आणि तिने पर्समधून गूळपापडीचा तुकडा काढला, क्षणभर विचार केला आणि परत ठेवला. “त्यांच्या घरची रीत त्यांची,” म्हणाली. दुसऱ्याच्या देशात कसं वागावं यावर वक्त्यांनी तासभर सांगितलं, ते तिने चार शब्दांत केलं.

गर्दीचा मुद्दा गंभीर आहे. क्योटोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्या 2024 मध्ये पर्यटकांना बंद कराव्या लागल्या. त्याच वर्षी फुजिकावागुचिको गावाने एका दुकानासमोर काळी जाळी लावली, कारण दुकानाच्या छपरावर फुजी दिसतो असा फोटो काढायला लोक रस्ता अडवत होते. पण त्या दुकानापुढे माणसं जमत होती ती मोबाईलवर दुसऱ्या कुणाचा फोटो बघून, आपलाही तसाच हवा म्हणून. त्याला कुठला झेंडा लागत नव्हता. आमच्या टूर लीडरने गिओनच्या तोंडाशी बस थांबण्याआधी तीनदा बजावलं होतं, गल्लीत शिरायचं नाही, गेइशांच्या वाटेत उभं राहायचं नाही. बत्तीस जणांतलं कुणी शिरलं नाही. एकट्याला बजावणारं कोण असतं?

आणि “आधी सोलापूर बघा” म्हणणाऱ्यांनाही एक शब्द. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं त्या गावातल्या माणसाने दोन-तीन लाख रुपये जपानवर घालवावेत का, असं एकाने मला विचारलं. ते पैसे व्याख्यानाला माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पेन्शनमधून सात वर्षं साठवले. लग्नाच्या मांडवात एका संध्याकाळी तेवढे उडतात तेव्हा पाण्याची आठवण कुणी काढत नाही. शिवाय परत आल्यावर त्यांनीच मला पहिल्यांदा नान्नजला माळढोक बघायला चला म्हटलं. दूरचं बघून आलं की जवळचं बघायची भूक मरत नाही, उलट वाढते. हे मी त्यांच्यात बघितलं आहे.

व्याख्यानानंतरच्या रविवारी त्या बाई माझ्याकडे आल्या. वही घेऊन. पुढच्या खेपेला कोयासान आणि नागोया असलेली सहल कोण काढतं ते शोधायचं आणि तोवर दर महिन्याला पैसे टाकायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. ज्यांना एकदम भरणं जमत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठी काढायची. भिशीत आज अकरा जणी आहेत, त्यातल्या सात जणींकडे अजून पासपोर्ट नाही.

वक्त्यांना माझी विनंती आहे. ते शहरातच राहतात. त्यांनी एक संध्याकाळ आम्हा अकरा जणींना द्यावी. कोयासानला काय बघायचं, देवळात शिरताना काय करायचं, कुठल्या गल्लीत चांगला कुंभार बसतो, ते आम्हाला सांगावं. त्यांना जे माहीत आहे ते आम्हाला हवं आहे. आम्ही वही-पेन घेऊन बसू.